सांडलेल्या पाण्यासोबत वीजही वाहून जाते

उन्हाळा लागला की "पाणी वाचवा"च्या पोस्ट सुरू होतात. दात घासताना नळ बंद ठेवा, गाडी पाइपने धुऊ नका. बरोबरच आहे. पण मराठवाड्यातल्या ज्या शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथल्या बाईला काटकसर काय शिकवणार? भाजी धुतलेलं पाणी ती कधीपासून झाडांना घालते. खरी बचत राहिलीय ती रस्त्याखालच्या पाइपलाइनमध्ये.

संभाजीनगरचंच बघा. पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून, आणि शहर धरणापेक्षा जवळपास १०० मीटर उंचावर. म्हणजे सगळं पाणी पंपाने चढवून आणायचं. १,००० लिटर पाणी १०० मीटर नुसतं उचलायलाच पाव युनिटहून जास्त वीज लागते. पंपात नि पाइपात वाया जाणारी वेगळी, शुद्धीकरणाची वेगळी, आपल्या सोसायटीच्या मोटारीची वेगळी. एवढं करून ते चौकातल्या गळक्या व्हॉल्व्हमधून गटारात जात असेल, तर त्यासाठी जाळलेला कोळसाही फुकटच गेला. त्याचा कार्बन मात्र हवेत राहिला. मलिक अंबरने याच शहरात सतराव्या शतकात नहरीने, नुसत्या उतारावर पाणी खेळवलं होतं, हे आठवलं की वाईट वाटतं.

आणि विजेलाही पाणी लागतंच. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. पुढच्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण पाणी जितकं लांबून आणू तितकं इंधन जास्त जळणार.

मला जास्त काळजी वाटते ती आजारांची. पाणी आठवड्याने येणार म्हटल्यावर माणसं ड्रम, हौद, हंडे, अगदी बादल्याही भरून ठेवतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा हे बरोबर, पण उद्या पाणी येईल याची खात्री नसताना भरलेला ड्रम कोण ओतेल? नळ आला की मात्र तेच "शिळं" पाणी मोरीत ओतून ताजं भरलं जातं. पुरवठ्यातलं अंतर वाढवून पाणी वाचतं असं मानणाऱ्यांनी पाण्याच्या दिवशी एखाद्या गल्लीतल्या मोऱ्या बघाव्यात.

त्यात नळ नसतो तेव्हा लाइन रिकामी. शेजारून ड्रेनेज गळत असेल तर ती घाण चिरेतून आत शिरते. थेट नळालाच मोटार लावली की ओढ आणखी वाढते. मग पहिली धार गढूळ, वास मारणारी, आणि चार दिवसांत घराघरात जुलाब, काही आठवड्यांनी कावीळ. वितरणाच्या वाहिन्या बदलणं, गळती शोधणं, मीटर लावणं ही कामं म्हणूनच आरोग्याचीही आहेत. धरणातून जास्त पाणी आणायच्या योजना हव्यातच, पण ते पाणी जुन्या फुटक्या वाहिन्यांतून सोडणार असू तर गळतीही वाढेल आणि वीजबिलही.

मतं मागायला येईल त्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे, तुम्हीही विचारा: आमच्या वॉर्डासाठी टाकीतून किती पाणी सुटतं आणि घरात किती पोचतं? दोन्ही आकडे घेऊन या.