‘फायबर हातात न धरलेल्याने’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फायबरमधली, म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तंतूमधली, प्रकाशाची पल्स (क्षणभराचा झोत) मंद करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की प्रकाशाचा वेग स्थिर असतो, पल्स मंद होत नाही तर नुसती रुंदावते, उपयोग शून्य. आणि ‘फायबर हातात न धरलेल्याने असलं लिहू नये, आंबे-काजूंवर लिहावं.’

एक चूक मान्य. भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ यांनी १९९९ मध्ये अतिथंड सोडियमच्या अणूंत प्रकाश सेकंदाला १७ मीटरवर आणला. मी ‘किलोमीटर’ लिहून बसलो होतो. दुरुस्त केलंय.

आता हातात धरण्याचं. लांजा-राजापूर पट्ट्यात २१ वर्षं मी केबलचे जॉइंट मारतोय. १२५ मायक्रॉनची काच. तुकडा बोटात गेला की दिसत नाही, दोन दिवस नुसता टोचत राहतो. हे तुम्ही मला सांगणार?

एका जुलैत केबल तुटली, तेव्हा तुटलेली जागा शोधणाऱ्या ओटीडीआर यंत्रात अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती पट मंद होतो तो आकडा) १.४६८ ऐवजी १.४५० राहिला होता. ते यंत्र पल्स सोडतं, परत यायला लागलेला वेळ मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. १० किलोमीटरवर सव्वाशे मीटरचा फरक पडला. भर पावसात आम्ही पहारीने जांभा फोडला, तर आत केबल धडधाकट! तुटलेलं टोक अलीकडे, मोरीपाशी. स्थिर असतो तो निर्वातातला वेग, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. काचेत पल्स साधारण २ लाख ४ हजारांनी जाते. तसं नसतं तर तो आकडा यंत्रात भरावा कशाला लागला असता? त्या खड्ड्यात मी स्वतः उतरलो होतो. तुम्ही कुठे होतात?

लेख होता तो याच्या पुढचा. २००५ मध्ये अमेरिकेत आणि स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये साध्या फायबरमध्ये, खोलीच्या तापमानाला पल्स आणखी मंद करून दाखवली. समोरच्या टोकाकडून दुसरा लेसर सोडायचा, त्याची वारंवारता पल्सपेक्षा सुमारे ११ गिगाहर्ट्झ जास्त. दोघांमुळे काचेत ध्वनिलहर उठते, वारंवारतेच्या एका अरुंद पट्ट्यात पल्स वर्धित होते आणि अपवर्तनांक वारंवारतेनुसार झपाट्याने बदलतो. म्हणून पल्सचा समूहवेग, म्हणजे अख्खी पल्स पुढे सरकण्याचा वेग, उतरतो. लेसरची शक्ती वाढवली की पल्स आणखी उशिरा पोचते. बाहेरून उशीर कमी-जास्त करता येणं, हीच मला त्यातली विलक्षण गोष्ट वाटते.

पल्स रुंदावते, हे लेखात आहेच. वाचलं असतंत तर दिसलं असतं. उपयोगाच्या वादात मी पडत नाही.

बाग आमचीही आहे, आंब्यांवरही लिहीन. तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. ‘असलं’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा.