लकवा झालेल्याच्या वाट्याचे तास

२०२५च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढले, की फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते मागेही घेतले. कोल्हापूरच्या माझ्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर त्यावरून नुसता गदारोळ उडाला. मी इंग्लंडमध्ये स्ट्रोकच्या, म्हणजे लकवा आणणाऱ्या मेंदूच्या झटक्याच्या, वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. पदवीचा मान मलाही हवा आहे. पण लकवा झालेल्या माणसाला रोज किती वेळ व्यायाम मिळतो, हे त्या चर्चेत कुणी काढले नाही. मला तो प्रश्न जास्त मोठा वाटतो.

इथे 'नाइस' ही संस्था उपचारांचे निकष ठरवते. २०२३ साली तिने स्ट्रोकनंतरच्या पुनर्वसनाचा निकष वाढवला: ज्याला गरज आहे त्याला फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा शिकवणारी), स्पीच थेरपी (बोलण्यासाठीची) मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस. प्रत्यक्षात इथेही माणसे कमी पडतात आणि बऱ्याच ठिकाणी एवढे तास भरत नाहीत. तरी आकडा कागदावर आहे म्हणून पेशंटची मुलगी येऊन मला विचारू शकते, की आज वडिलांचा व्यायाम किती झाला?

कोल्हापुरात ही गोष्ट काढली, की घरचे सांभाळण्यावर येतात. मंगळवार पेठेतल्या माझ्या मामांची उजवी बाजू गेली तेव्हा मामी म्हणाली, "आमच्यात माणसं सांभाळत्यात, तुमच्याकडच्यागत होममध्ये टाकत न्हाईत." तिने सांभाळलेही जिवापाड. पण उठवताना ती त्यांचा उजवा हात धरून ओढायची. लकव्यात खांद्याचे स्नायू बऱ्याचदा ढिले पडलेले असतात, अशा ओढण्याने खांदा कायमचा दुखरा होऊ शकतो. आणि भाकरीचा घास तीच भरवायची, म्हणजे ज्या हाताला काम हवे तोच दिवसभर मांडीवर पडून. मग व्हिडिओ कॉलवर शिकवले: मामांनी खुर्चीत पुढे सरकायचे, पावले मागे घ्यायची, हातांची बोटे गुंफून पुढे झुकत उठायचे. वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे बादलीच्या काठाला लावायचे आणि काढायचे, पुन्हा पुन्हा. मेंदू नवी वाट धरतो तो अशा आवर्तनांनी. अमेरिका-कॅनडातल्या २००९च्या एका पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या सरासरी ३२च हालचाली भरल्या होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सुधारणा दिसते ती शेकड्यांनी हालचाली करून घेतल्यावर.

मग घरच्यांनाच शिकवून टाकू, असे आपल्याकडे लगेच सुचते. ते भारतातच तपासून झाले आहे. 'अटेंड' या अभ्यासात १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते, निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. एका गटाच्या घरच्यांना व्यायामाचे खास प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. मामीचे कष्ट वाया गेले असा याचा अर्थ मी लावत नाही. फिजिओचे काम घरच्यांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही, एवढा मात्र नक्की लावते.

नुसते तास वाढवूनही भागत नाही. २०१५च्या 'अव्हर्ट' अभ्यासात पहिल्या २४ तासांतच पेशंटला वारंवार उठवले, तर निकाल उलट थोडे वाईट आले. केव्हा, किती आणि कसे हे ठरवायला शिकलेला माणूसच लागतो.

अशी माणसे कोल्हापुरातच तयार होतात. फिजिओथेरपीचे शिक्षण तिथे आहे, पण शिकून आम्ही पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशी जातो. चंदगडच्या पेशंटने शंभरावर किलोमीटर येऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवले, तरी रोजच्या व्यायामासाठी तो येणार कसा? सरकारी योजनांचा भर दवाखान्यातल्या उपचारांवर असतो, खरी गरज पुढचे कित्येक महिने घरी असते. चंदगड, गगनबावडा, राधानगरी इथल्या ग्रामीण रुग्णालयांत फिजिओची कायम पदे हवीत, त्यांना घरी जाऊन व्यायाम घेण्याचा प्रवासभत्ता हवा, आणि डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या शेजारी व्यायामाचे तास लिहिलेले हवेत.