‘लाकडाचं हॉटेल म्हणजे जंगलाची चिता’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. वर स्वीडनमधल्या वीस मजली लाकडी हॉटेलचा फोटो आणि खाली मजकूर: ‘पर्यावरणाच्या नावाखाली झाडांची कत्तल. एक ठिणगी पडली की पाहुण्यांसकट राख, शनिवारवाडा आठवा. उरलंसुरलं चार पावसाळ्यांत वाळवी खाणार. सिमेंटला पर्याय नाही.’ माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला आणि त्यातला एक ग्रुप बांधकामातल्याच लोकांचा आहे. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, लाकूड रोज हाताखालून जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी ते हॉटेल काय आहे ते बघू. शेलेफ्टिओ हे उत्तर स्वीडनमधलं शहर. तिथं 2021 मध्ये ‘सारा कुल्टूरहूस’ ही इमारत सुरू झाली. खाली नाट्यगृह, वाचनालय, संग्रहालय, कलादालन आणि त्याला लागून वर चढत गेलेलं हॉटेल, उंची सुमारे 75 मीटर. आराखडा व्हाइट आर्किटेक्टर या स्वीडिश संस्थेचा. खांब-तुळया ग्लुलॅमच्या, म्हणजे फळ्या एकाच दिशेनं एकावर एक चिकटवून केलेल्या. भिंती सीएलटीच्या, त्यात फळ्यांचे थर एक उभा, एक आडवा असे चिकटवतात. लिफ्टभोवतीच्या भिंतीसुद्धा लाकडाच्याच. हॉटेलच्या खोल्या कारखान्यात बनवून आणल्या आणि डब्यांसारख्या एकावर एक रचल्या. मात्र पाया काँक्रीटचा आहे आणि मोठ्या दालनांवरच्या कैच्यांत, म्हणजे छत पेलणाऱ्या सांगाड्यांत, पोलादही आहे. जिथं जे लागतं तिथं ते वापरलंय.

आता आग. भीती खरी आहे, म्हणून हा मुद्दा मी सर्वांत आधी घेतो.

पुण्यातल्या एका वाड्यात काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या बाजूला आग लागली होती. आम्ही गेलो तेव्हा वरच्या पातळ फळ्या पार जळून गेल्या होत्या, खिडक्यांच्या चौकटी कोळसा झाल्या होत्या. तुळई मात्र जागेवर होती, काळीठिक्कर आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. मालक म्हणाले, ‘ही काढूनच टाका.’ आमच्या सुतारकाकांनी वाकस घेतला आणि कोळसा तासायला सुरुवात केली. बोटाच्या पेराएवढा काळा थर निघाला, त्याखाली बारीकशी तपकिरी रेघ आणि तिच्या आत मधाच्या रंगाचा सागवान. तासताना त्याचा वासही आला, तेलकट आणि ताजा. ती तुळई आम्ही रंधून, मोजून, भार तपासून तिथंच ठेवली.

यात चमत्कार काही नाही. जाड लाकडाला आग लागली की बाहेर कोळशाचा थर धरतो आणि तो आतल्या लाकडाला उष्णतेपासून जपतो. युरोपातल्या बांधकाम-नियमांत या जळण्याचा वेगच दिलेला आहे. पाइन-स्प्रूससारख्या लाकडासाठी तो मिनिटाला साधारण 0.65 ते 0.7 मिलिमीटर धरतात. दीड तासाची आग धरली तर साधारण सहा सेंटीमीटर. नॉर्वेत ब्रुमुंडालला 2019 मध्ये पूर्ण झालेली म्योस्टॉर्नेट ही 85 मीटरची इमारत आहे, तिच्यातही हॉटेल आहे. तिचे कोपऱ्यातले खांब जवळजवळ दीड मीटर बाय 60 सेंटीमीटरचे आहेत. आता गणित तुम्हीच करा. उघडं पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद गमावतं आणि वाकायला लागतं, म्हणून त्यालाही आवरण द्यावं लागतं.

पण लाकूड जळतच नाही असं कोणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. उघड्या लाकडी भिंती आगीला जळण पुरवतात, आणि फळ्या चिकटवायच्या काही प्रकारच्या डिंकात वरचा थर सुटून आतलं ताजं लाकूड उघडं पडतं. म्हणून आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर लागतात, मजल्या-मजल्यांत आग अडवणारे थर लागतात.

शनिवारवाड्याचं म्हणाल तर 1828 मध्ये तो सात दिवस जळला, हे खरंच आहे. तेव्हा ना आजच्यासारखे पाण्याचे बंब होते, ना आग एका दालनात कोंडून ठेवण्याची सोय. आणि आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं बघा. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबमध्ये 14 जण गेले, बहुतेक धुरानं गुदमरून. तिथं पेटलं ते गच्चीवरचं छप्पर आणि सजावट, इमारतीचा सांगाडा लाकडी नव्हता. हॉटेलात माणसाचा जीव घेतात ते धूर, पडदे, गाद्या, फोम आणि अडवलेले जिने. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच पाहुण्यांची काळजी असेल तर त्यानं जिने मोकळे आहेत का, हे विचारायला हवं होतं.

दुसरा मुद्दा कत्तलीचा. सारा कुल्टूरहूसचं लाकूड त्याच भागातल्या जंगलांतलं आहे, सुमारे 60 किलोमीटरच्या आतलं. स्वीडनची दोन-तृतीयांशाहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. तोडलं तर पुन्हा लावायचं, हे तिथं 1903 पासून कायद्यात आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत तिथल्या उभ्या लाकडाचा साठा जवळपास दुप्पट झालाय. एक घनमीटर पाइनच्या लाकडात साधारण पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकलेला असतो. इमारत उभी आहे तोवर तो आतच राहतो. सिमेंटचं उलट आहे. चुनखडी भाजली की दगडातूनच हा वायू सुटतो, भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटमधून येतो.

मेसेजनं धरायला हवा होता तो आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला मान्य आहे. लाकडाचा साठा वाढला म्हणजे जंगल वाढलं असं होत नाही. स्वीडनमध्ये पट्टेच्या पट्टे एकदम साफ करतात आणि त्या जागी एकाच वयाची झाडं लावतात. जुन्या रानात वाढणारं दगडफूल हे तिथल्या उत्तरेकडच्या सामी या मूळनिवासी लोकांच्या रेनडियरचं हिवाळ्यातलं खाणं, ते त्यामुळे कमी होत जातं. तेव्हा कुठल्या रानातलं लाकूड आणि कसं तोडलेलं, हे हॉटेलवाल्याला विचारलंच पाहिजे. पण हाच प्रश्न आपण कोकणात विचारतो का? तिथल्या खासगी रानांत सरसकट तोड होते आणि लाकूड जळणासाठी ट्रकांनी बाहेर जातं. त्या लाकडातला कार्बन एका दुपारीत हवेत. तुळई होऊन ते शंभर वर्षं टिकलं असतं.

वाळवी आणि पावसाबद्दल थोडक्यात. लाकूड पाण्यानं कुजत नाही, न वाळल्यानं कुजतं. वाड्याचा खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करत, तो याचसाठी. वळचण रुंद ठेवत, उंडीचं किंवा काजूबियांच्या टरफलांचं तेल लावत. मी बदललेल्या खांबांपैकी बहुतेक तळाशी कुजलेले होते, आणि तिथं नंतर कोणीतरी भोवती सिमेंटचा कोबा घातलेला होता. ओल आत कोंडली गेली, वाळायला वाटच उरली नाही.

राहिला ‘सिमेंटला पर्याय नाही’ हा मुद्दा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं सरकारी इमारतींत लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी 2020 मध्ये उठवली. दार उघडलंय, पण आपल्याकडची तयारी अजून तोकडी आहे. घाटातल्या कित्येक रिसॉर्टांत काँक्रीटवर लाकडासारखी दिसणारी पट्टी चिकटवतात आणि पाटीवर ‘इको’ लिहितात, याची मला चीड येते. उद्या कोणी कोकणात वीस मजली लाकडी हॉटेल काढायला सांगितलं तर मी नाही म्हणेन. एवढं लाकूड परदेशातून बोटीनं आणावं लागेल, आणि दमट हवेत त्याची निगा राखणारी माणसं आत्ता आपल्याकडे नाहीत. पण दोन मजली, जोत्यावर उचललेलं, रुंद वळचणीचं, लागवडीतल्या सागाचं आणि जिथल्या तुळया उघडून तपासता येतील असं हॉटेल कोणाला बांधायचं असेल, तर सुतारकाका अजून कामावर येतात.