राखाडी की बेज : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार. रंगवलेली खोली आपल्या मनासारखी दिसली नाही आणि त्यामुळे आपल्याला मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘राखाडी मागितला, दुकानदाराने बेज मिसळून दिला आणि परतही घेतला नाही’ हे आपले वाक्य आमच्या जिव्हारी लागले आहे, कारण ज्याच्या मिसळणीवर भरवसा नाही त्याच्याकडे रंग घ्यायला कोण येईल?

आपण निवडायला घेतलेल्या दोन्ही छटांचे प्रकाश परावर्तन मूल्य, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो याचे 0 ते 100 मधले माप, 60 च्या आसपास आहे, त्यामुळे शेड कार्डावरच्या बोटभर पट्टीत त्या सारख्याच फिकट वाटतात. फरक आहे तो झाकेत. एकीत किंचित निळसरपणा आहे, तर आपण ‘मऊ वाटते’ म्हणून पसंत केलेल्या दुसरीत पिवळट-तपकिरी झाक आहे. दुकानातल्या 6500 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा कमी तसा उजेड पिवळा) पांढऱ्या उजेडात ती झाक दबते. आपल्या छायाचित्रात दिसणाऱ्या पिवळ्या दिव्यांखाली, जे साधारण 2700 केल्विनचे असावेत, तीच उठून दिसते. त्यात समोर लाकडी जमीन आहे आणि तिचा तांबूस उजेड भिंतीवर पडतो आहे.

त्याच छायाचित्राच्या कोपऱ्यात डब्याचे झाकण आहे. त्यावरच्या चिठ्ठीतला शेड कोड आणि आपण सही केलेल्या बिलावरचा कोड एकच आहे. मिसळण झाल्यावर झाकणावर रंगाचा ठिपका लावून, तो सुकल्यानंतर कार्डाशेजारी धरून आम्ही आपल्याला दाखवला होता आणि आपण होकार दिला होता. छोटा नमुना डबा नेऊन जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारा, तो सकाळी आणि रात्री दिवे लावून वेगवेगळ्या भिंतींवर धरून पाहा, असेही सुचवले होते. रंगारी दुसऱ्याच दिवशी येणार असल्याने आपण ते टाळले. आपली घाई आम्ही समजू शकतो, पण तिचा दोष आमच्या रंग मिसळण्याच्या मशिनला देऊ नये. बेसमध्ये, म्हणजे मूळ रंगात, एकदा सोडलेले रंगद्रव्य वेगळे काढता येत नाही, म्हणून मिसळलेला डबा परत घेता येत नाही, आणि हे बिलावर छापलेले आहे.

यापुढे काउंटरवर पिवळ्या दिव्याचीही सोय करण्याचा आमचा विचार आहे. आपण आधी दिवे बदलून पाहावेत. तरीही समाधान झाले नाही, तर निळसर छटेचा नमुना डबा आमच्याकडून विनामूल्य घेऊन जावा.