‘फक्त ४० टक्के’ सांगणारा मेसेज आणि एका मुलीची नडगी

गेल्या महिनाभरात तोच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपमधून आला. नाशिकच्या गोल्फ क्लबवर सकाळी धावणाऱ्यांच्या ग्रुपमधून एकदा, सोसायटीच्या ग्रुपमधून एकदा आणि पालकांच्या ग्रुपमधून दोनदा. मजकूर थोडक्यात असा: “थकलो असं वाटतं तेव्हा तुम्ही फक्त ४० टक्के ताकद वापरलेली असते. वेदना हा मनाचा खेळ आहे. खऱ्या खेळाडूला भीती वाटत नाही. २१ दिवस पहाटे चारला उठा, मन पोलादी होईल. थांबणारे आणि रडणारे हरतात, मैदानावर आणि आयुष्यातही.”

मी बावीस वर्षं शाळेतल्या मुलांना मैदानावर घेतोय. मनाची ताकद लागते हे मला कुणी पटवून द्यायला नको. पण हा मेसेज जे शिकवतो ती ताकद नाही, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

आधी ते ४० टक्के. हा आकडा कुठल्या मोजमापातून आलेला नाही. अमेरिकी नौदलाच्या कमांडो प्रशिक्षणाच्या गोष्टींतून तो जगभर पसरला. त्यात सत्याचा अंश आहे, तो आधी मान्य करतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सायकलवर दमेपर्यंत पॅडल मारायला लावलं. एकदा ताज्या डोक्याने, आणि एकदा संगणकावर दीड तास कंटाळवाणं, लक्ष खिळवून ठेवणारं काम केल्यावर. ताज्या डोक्याने ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, शिणलेल्या डोक्याने ६४०. हृदय, फुफ्फुसं यांच्यात फरक नव्हता. तेच काम त्यांना जड वाटत होतं, एवढंच. म्हणजे कधी थांबायचं हे ठरवण्यात मनाचा वाटा मोठा आहे, हे खरं.

पण मग त्याच प्रयोगाचा दुसरा अर्थही घ्या. मनसुद्धा दमतं. सकाळी सातला शाळा, दुपारी क्लास, आणि साडेपाचला मैदानावर आलेलं पोर तिसऱ्या राऊंडला पाय ओढायला लागतं, तेव्हा ते कामचुकार नसतं. त्याचं डोकं दिवसभर राबलेलं असतं. सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या बापालाही सकाळी मुलाचा अभ्यास घेताना हेच होतं. तिथे ‘अजून ६० टक्के बाकी आहेत’ असं ओरडून काही निघत नाही.

आता वेदना. माझ्याकडे नववीतली एक मुलगी तीन हजार मीटर धावायची. तो मेसेज तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढला होता. नडगी दुखत असताना ती तीन आठवडे गप्प राहिली. मीही तिचं लंगडणं उशिरा पाहिलं, याची बोच आजही आहे. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, कारण हाडाला पडलेल्या बारीक भेगा सुरुवातीला बरेचदा दिसतच नाहीत. एमआरआयमध्ये भेग सापडली. पूर्ण सीझन गेला.

म्हणून पालकांनो, हा फरक घरी समजावून सांगा. मांड्या पेटणं, छाती भरून येणं, पाय शिशासारखे जड होणं, हे दोन्ही पायांना होतं आणि थांबलं की ओसरतं. त्याच्याशी झुंजायला शिकायचं. पण जी वेदना एका बोटाने दाखवता येते, रोज त्याच जागी येते, रात्री झोपेतही ठणकते, ती हाडाची हाक असते. एप्रिलच्या उन्हात धावताना चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं, तर क्षणभरही वाट पाहायची नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, दवाखाना गाठायचा. उष्माघात जीव घेतो, आणि जिद्दी धावपटू त्यात जास्त सापडतात, कारण ते थांबत नाहीत.

‘खऱ्या खेळाडूला भीती वाटत नाही’ या वाक्याने मला सगळ्यात वाईट वाटतं. स्टार्टलाइनवर पोटात गोळा आला की मूल समजतं, आपण खरे खेळाडू नाहीच. अरे, तो गोळा म्हणजे शरीर तयार होतंय! २०१४च्या एका अभ्यासात भाषण, गाणं आणि गणित यांच्याआधी काही जणांना ‘मी शांत आहे’ असं म्हणायला सांगितलं, काहींना ‘मला हुरूप आलाय’ असं. ‘हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड दाबायची नाही, तिला कामाला लावायचं. मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये २००८ साली बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत पाणी भरलं. दिसत नसताना तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकला. मोजणीची सवय आधीच्या सरावातली होती. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२३ची ग्रँड स्विस बुद्धिबळ स्पर्धा जिंकला, तेव्हा पहिलाच डाव हरला होता. तरी शेवटी अकरापैकी साडेआठ गुण. पहिल्या दिवशी हरलेल्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, याचा विचार मी मुलांना करायला लावतो.

२१ दिवसांचं थोडक्यात सांगतो. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नवं रूप अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात, असं एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं. त्यातला ‘निदान’ हा शब्द वाटेत गळला. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय जडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. आणि रात्री साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला चारला उठवलंत तर? तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तुम्ही त्याची निम्मी झोप काढून घेताय.

राहिलं ‘थांबणारे हरतात’. जिमनॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली, कारण हवेत फिरताना तिला आपण कुठे आहोत तेच कळेनासं झालं होतं. तशीच उडी मारली असती तर मान मोडू शकली असती. २०२४ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं घेतली. ग्लेन मॅक्सवेलने २०१९ मध्ये मनाच्या त्रासासाठी क्रिकेट थांबवलं. वानखेडेवरची २०२३ची त्याची नाबाद २०१ धावांची खेळी आपण सगळ्यांनी पाहिली, पाय आखडलेले असताना.

‘मग दत्तू भोकनळ?’ असं मला एका पालकांनी विचारलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा नौकानयनपटू पठ्ठ्या २०१८च्या आशियाई स्पर्धेत आजारी असताना वल्हवत होता, हे खरं. एकेरीच्या अंतिम फेरीत तो सहावा आला. दुसऱ्या दिवशी सुवर्ण मिळालं ते चौघांच्या बोटीत. त्याची जिद्द कमी लेखायची माझी छातीच नाही. पण ती बोट चौघांनी ओढली, हेही मुलांना सांगा. मदत मागावीशी वाटली तर मनाच्या त्रासासाठी असलेल्या १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. परीक्षेच्या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्या मुलाला हा नंबर माहीत हवा.

आता सरावाआधी मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो: किती वाजता झोपलास, आणि दुखत असेल तर बोट ठेवून दाखव. ती नडगीवाली मुलगी आता दहावीत आहे, पुन्हा धावते. मागच्या मंगळवारी चौथ्या राऊंडला ती स्वतःहून ट्रॅकबाहेर आली, बूट काढला आणि घोट्यावर बोट ठेवून म्हणाली, “सर, इथे. कालपासून.”