खुलासा : कॅम्प क्रेम हे नाव अमेरिकी अधिकाऱ्याचं नाही

फिलिपिन्समधल्या १९८६च्या जनआंदोलनावर मी लिहिलेल्या पोस्टमध्ये ‘मनिलाजवळचा कॅम्प क्रेम हा फिलिपिन कॉन्स्टॅब्युलरीच्या पहिल्या, अमेरिकी प्रमुखाच्या नावाने ओळखला जातो’ असं वाक्य होतं. ते चूक आहे, आणि चूक माझी आहे.

फिलिपिन कॉन्स्टॅब्युलरी म्हणजे लष्करी पोलीस दल, आणि कॅम्प क्रेम हा त्याचा मुख्य तळ. हे दल अमेरिकी राजवटीत १९०१ साली उभं राहिलं. पहिले प्रमुख हेन्री ॲलन, अमेरिकी लष्करातले. राफाएल क्रेम हे फिलिपिनो होते. १९१७ मध्ये ते या दलाचे पहिले फिलिपिनो प्रमुख झाले आणि १९२७ पर्यंत त्या पदावर राहिले. प्रमुखांची यादी सालांसकट पुन्हा तपासली, तेव्हा दोन माणसं मी एक करून टाकल्याचं दिसलं. परक्या सत्तेने उभारलेल्या दलाचं नेतृत्व स्थानिक माणसाकडे आलं, हीच तर त्या नावामागची मोलाची गोष्ट, आणि नेमकी तीच मी पुसली. याचं वाईट वाटतं.

१९८६च्या आंदोलनात सरकारविरुद्ध उभे राहिलेले अधिकारी फिडेल रामोस १९७२ पासून या दलाचे प्रमुख होते, हा मूळ पोस्टमधला भाग बरोबर आहे. दल १९९१ मध्ये राष्ट्रीय पोलिसांत विलीन झालं.

मूळ पोस्ट दुरुस्त केली आहे. जुना स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.