‘बंध तुटला की ऊर्जा सुटते’ म्हणे! आधी जमाखर्च मांडा

परीक्षा जवळ आली की बारावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक टिपण फिरू लागतं. त्यात चार ‘नियम’ असतात. चारही चुकीचे.

‘बंध तुटला की ऊर्जा सुटते.’
उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. सुटते ती नवा बंध जुळताना. मुंबईत पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचा एक मोल (रेणूंच्या ठरावीक संख्येचं माप), म्हणजे १६ ग्रॅम, जाळायचा तर कार्बन-हायड्रोजनचे ४ बंध (प्रत्येकी ४१३ किलोज्यूल) आणि ऑक्सिजनचे २ दुहेरी बंध (प्रत्येकी ४९८) तोडावे लागतात. खर्च १६५२ + ९९६ = २६४८. जमेला कार्बन डायऑक्साइडमधले २ दुहेरी बंध (७९९) आणि पाण्यातले ४ ऑक्सिजन-हायड्रोजन बंध (४६३): १५९८ + १८५२ = ३४५०. म्हणून डेल्टा एच, म्हणजे अभिक्रियेतला उष्णतेचा एकूण बदल, उणे ८०२ किलोज्यूल. उणे म्हणजे ऊर्जा बाहेर पडली.

इथे हमखास घोटाळा होतो. काही तक्त्यांत कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधासमोर ७४५ असतं. ते कीटोनसारख्या संयुगांचं. तेच इथे घातलं तर उत्तर उणे ६९४ येतं. पुस्तकातलं उणे ८९० मात्र बरोबर आहे: तिथे पाणी द्रवरूप धरलंय, आणि वाफेचं पाणी होताना मोलमागे ४४ किलोज्यूल आणखी सुटतात. आपल्या शेगडीवर ती वाफ हवेत निघून जाते.

‘उष्मादायी अभिक्रिया आपोआप होते, उष्माग्राहीला तापवावंच लागतं.’
कल्हईवाल्याकडचा नवसागर घ्या, म्हणजे अमोनियम क्लोराइड. दोन कागदी कप एकात एक बसवा (थर्माकोलचे जास्त बरे, पण राज्यात २०१८ पासून बंदी आहे). त्यात खोलीच्या तापमानाचं १०० मिलि पाणी घाला, १० ग्रॅम बारीक पूड टाकून ढवळा आणि सर्वात खालचं तापमान टिपा. मोलमागे १४.८ किलोज्यूल शोषले जातात. १० ग्रॅम म्हणजे ०.१८७ मोल, म्हणजे सुमारे २.८ किलोज्यूल. ११० ग्रॅम द्रावण त्याने साधारण ६ अंशांनी उतरायला हवं. कमी उतरलं तर बहुधा खडे राहिलेत, किंवा स्टीलचा पेला घेतलाय. जुलैच्या दमट हवेत पेल्याला बाहेरून दव धरतं, तेही उष्णता आत ढकलतं.

न तापवता हे घडतं, कारण एन्ट्रॉपी (कण आणि ऊर्जा किती विखुरली आहे याचं माप) मोलमागे केल्व्हिनला सुमारे ७५ ज्यूलने वाढते. प्रमाण स्थितीत २९८ केल्व्हिनला (२५ अंश सेल्सिअस) तापमान गुणिले एन्ट्रॉपीची वाढ हा हिस्सा २२.४ किलोज्यूल, १४.८ वजा २२.४ म्हणजे उणे ७.६. ही वजाबाकी उणे आली की बदल आपोआप होऊ शकतो. ज्यूलचे किलोज्यूल करायला विसरलात तर उत्तर हजारांत जाईल. आणि मिथेन? इतकी उष्मादायी अभिक्रिया, तरी ठिणगीशिवाय पेटत नाही. ‘होऊ शकते’ आणि ‘लगेच होते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

‘एटीपीच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते.’
एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. ही पहिलीच चूक, जीवशास्त्राच्या वेशात. फॉस्फेटचा बंध तोडायलाही ऊर्जा लागते. पाण्याशी अभिक्रिया होऊन जी उत्पादितं बनतात ती जास्त स्थिर असतात, त्या फरकातून ऊर्जा मिळते.

‘उत्प्रेरक घातला की जास्त उष्णता मिळते.’
उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा) कमी करतो, डेल्टा एचला हात लावत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात मँगनीज डायऑक्साइड टाकलं की भांडं झटकन तापतं, म्हणून हा समज. मोलमागे सुमारे ९५ किलोज्यूल बाटलीत नुसतं ठेवूनही सुटतात. फक्त इतक्या सावकाश की ते हवेत निघून जातात आणि थर्मामीटरला पत्ता लागत नाही.